अबोला कोणी धरला? ख्रिस्ती विश्वासातलं 'पाप' पहिल्यांदा समजून घेताना

आमच्या भागात दोन भावांचं बिनसलं म्हणून कोणी गाव सोडून जात नाही. एकाच वाड्यात राहतात, एकाच नळाला पाणी भरतात, मधल्या सोप्यात पत्र्याची आडभिंत घालतात आणि बोलायचं बंद करतात. अंतर मोजायला गेलात तर हातभरसुद्धा भरणार नाही. पण धाकट्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका थोरल्याकडं तिसऱ्याच माणसाच्या हातून जाते. 'पापामुळं माणूस देवापासून दुरावला' असं ख्रिस्ती माणूस म्हणतो तेव्हा त्याच्या मनातलं अंतर या जातीचं असतं. देव उठून कुठं लांब गेला, असं त्याला म्हणायचं नसतं. बोलणं तुटलं, एवढंच.

रविवारची उपासना संपली की आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मागच्या खोलीत मी नव्यानं आलेल्यांबरोबर बसतो. ख्रिस्ती घरात लग्न होऊन आलेली सून असते. मिशनच्या शाळेत शिकलेला आणि तेव्हाचा एखादा प्रश्न डोक्यात तसाच राहिलेला माणूस असतो. शेजाऱ्याच्या मयताला गेलो होतो, तिथं पाळकसाहेब काय बोलले ते कळलं नाही, म्हणून कोणी येतो. विश्वास ठेवायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. शेजारी काय म्हणतो ते निदान नीट कळावं, एवढ्यापुरतं मी बोलतो, आणि त्याच क्रमानं इथं लिहितोय.

विषय इथं नवा नाही. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० साली सुरू झालं, १९०४च्या सुमारास ते मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाकडं आलं. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३चा. त्याहून मागं जायचं तर घाटाखाली गोव्यातल्या साष्टीत, राशोलला फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट संघाच्या इंग्रज कॅथलिक धर्मगुरूनं १६१६ साली ओवीबद्ध मराठीत जगाच्या उत्पत्तीपासूनची, पहिला माणूस आदाम याच्या पतनासकटची कथा छापून काढली होती. तेव्हा हे सगळं मराठीत सांगता येतं का, ही शंका चारशे वर्षं जुनी आणि केव्हाच फिटलेली.

आधी सामान जमवा

एक मराठी पवित्र शास्त्र, एक शिसपेन्सिल, आणि सहा-सात संध्याकाळी. कन्नड शेजाऱ्याकडं तेच पुस्तक 'सत्यवेद' या नावानं असतं. दोन्ही भाषा येत असतील तर दोन्ही उघडून ठेवा, अडलेला शब्द निम्म्या वेळा तिथंच सुटतो.

पहिल्या पानापासून सुरू करून शेवटपर्यंत जायच्या भानगडीत पडू नका. लेवीयाच्या पुस्तकात बहुतेकांची गाडी रुतते आणि पुस्तक परत कपाटात जातं. एवढंच वाचायचं: उत्पत्ती अध्याय ३, यशया अध्याय ५९, लूक अध्याय १५ आणि १८, रोमकरांस पत्र अध्याय ३ ते ८, योहानाचं पहिलं पत्र अध्याय १. घाई नको. एका बैठकीला एक भाग पुरे.

पायरी १: 'पाप' हा शब्द धुऊन घ्या

नवख्याची निम्मी अडचण इथंच आहे, कारण शब्द ओळखीचा आहे. अनोळखी शब्द असता तर माणसानं अर्थ विचारला असता.

आपल्याकडं पाप 'लागतं', पाप 'फेडावं लागतं', पापाचा घडा 'भरतो'. ही सगळी बोली हिशोबाची आहे. एका बाजूला पाप, दुसऱ्या बाजूला पुण्य, मध्ये वजाबाकी. दुकानदाराच्या खतावणीत असतं तसं जमा आणि नावे. बेळगावात आणखी एक गंमत आहे. पोर सायकलवरून पडलं की समोरची कन्नड आजी म्हणते, "अय्यो, पाप!" तिला कोणाचा दोष काढायचा नसतो, 'बिचारं' असं तिला म्हणायचं असतं. आमच्या वर्गातल्या एका मुलीला लहानपणी खरंच वाटायचं की ही आजी पडल्याबद्दल आपल्याला पापी म्हणते.

मला विचाराल तर ख्रिस्ती अर्थ आजीच्या जवळचा आहे, खतावणीपासून लांब. पाप करणारा माणूस दोषी आहे हे तिथं ठामपणे म्हटलेलं आहे. पण तो दोषी आहे आणि अडकलेलाही आहे, शिक्षेला पात्र आणि कीव करण्याजोगाही. दोन्ही एकदम. हे एकदम धरायला जड जातं, म्हणून बरेच उपदेशक एकच बाजू धरतात आणि दुसरी सोडून देतात.

तेव्हा पहिल्या संध्याकाळी एवढंच करा. वहीत 'पाप' लिहा, त्याखाली लहानपणापासून ऐकलेले त्याचे सगळे वाक्प्रचार लिहा, आणि पान उलटा. ते खोटे आहेत असं कोणी म्हणत नाही. फक्त या पुस्तकातला शब्द त्यांच्या मापानं मोजायचा नाही.

पायरी २: उत्पत्तीचा तिसरा अध्याय, हळूहळू

गोष्ट सगळ्यांना माहीत असते, म्हणून कोणी वाचत नाही. वाचाल तर पहिला धक्का हा की त्यात सफरचंद नाही. 'फळ' एवढंच आहे.

पेन्सिलीनं घटनांचा क्रम लावा. दोघं फळ खातात. डोळे उघडतात, आपण उघडे आहोत हे कळतं. अंजिराची पानं शिवून कमरेला गुंडाळतात. संध्याकाळच्या गारव्यात देव बागेत फिरत असल्याची चाहूल लागते आणि दोघं झाडांमागं लपतात. मग देव हाक मारतो: "तू कोठे आहेस?"

इथं पेन्सिल थांबवा. बागेतून हकालपट्टी अजून व्हायची आहे, शिक्षा अजून सुनावलेली नाही, देव रोजच्यासारखा फिरायला आलाय. तरी दुरावा आधीच पडलाय. तो कोणी पाडला? लपला तो माणूस. आणि हाक कोणी मारली? ज्याचं ऐकलं नाही, त्यानं. ख्रिस्ती विश्वासाचा पुढचा सगळा पसारा मला या दोन वाक्यांत बीजासारखा दिसतो. एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी या वर्गाला आल्याचं सार्थक झालं, असं मी पहिल्याच दिवशी सांगून टाकतो.

सीमाभागातल्या माणसाला हे जरा वेगळं लागतं. आपल्याकडं रेघ नेहमी दुसऱ्यानं ओढलेली. १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली, रेघ वर कुठंतरी ठरली आणि आजोबा झोपेतून उठले ते वेगळ्या राज्यात. त्यामुळं 'दुरावा' म्हटलं की 'आमच्यावर लादलेला' हे आपसूक मनात येतं. उत्पत्तीत रेघ ओढणारा हात आपला आहे. हा फरक विसरलात तर पुढं सगळीकडं देवच सीमेवर दांडकं घेऊन उभा आहे असं वाटत राहील.

मग अध्यायातली पुढची वाक्यं बघा. आदाम म्हणतो, जी बाई तू मला दिलीस तिनं फळ दिलं. म्हणजे एका दगडात बायको आणि देव दोघंही! बाई म्हणते, सापानं भुलवलं. स्वतःचीच लाज वाटायला लागली, देवाची भीती वाटायला लागली, नवराबायकोत बोट दाखवणं आलं, आणि शेवटी जमीनसुद्धा काटेकुसळं उगवायला लागली. एक धागा तुटल्यावर विणच सुटत जावी तसं. देवापासून दुरावणं ही फक्त देवघरातली बाब नाही, ती चुलीपर्यंत आणि शेतापर्यंत येते, असं हा अध्याय सांगतो.

शेवटाकडं एक ओळ सहज निसटते. बागेबाहेर काढण्याआधी देव त्या दोघांना चामड्याचे अंगरखे करून घालतो. घालवून देतोय, पण उघडं घालवत नाही.

पायरी ३: तीन जुने शब्द

जुना करार, म्हणजे पवित्र शास्त्राचा येशूच्या आधीचा भाग, मूळचा इब्री भाषेतला. 'पाप' म्हणून आपण जे वाचतो त्यामागं तिथं मुख्यतः तीन शब्द आहेत.

पहिला 'खाता', म्हणजे नेम चुकणं. शास्ते या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात बन्यामीन वंशाच्या ७०० डावखुऱ्या गोफणवाल्यांचा उल्लेख आहे. केसावर नेम धरला तरी त्यांचा दगड चुकत नसे. तिथलं 'चुकत नसे' हे क्रियापद आणि 'पाप केले' हे क्रियापद एकच. जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर उभं राहून ज्यानं गोफण फिरवलीय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दगड जोरात जातो, लांब जातो, पाखरू मात्र तिथंच. जोर कमी पडला म्हणून चुकतं असं नाही. बहुतेकदा दोरी सोडायची वेळ चुकते.

दुसरा 'आवोन', म्हणजे वाकडेपणा, पीळ. तिसरा 'पेशा', म्हणजे बंड; ज्याचं देणं लागतो त्याच्याशी जाणूनबुजून फितुरी. (आपल्या मराठी पेशाशी याचा काही संबंध नाही. दर वर्षी कोणीतरी विचारतं, आणि तो बहुधा वकील असतो.)

चुकणं, वाकणं, बंड करणं. तिन्ही एका मापाची नाहीत, पण तिन्हींसाठी मराठीत 'पाप' हा एकच शब्द दिसू शकतो. वाचताना स्वतःला विचारत जा, इथं यातलं कुठलं?

पायरी ४: भिंत आणि पडदा

यशयाचा एकोणसाठावा अध्याय उघडा. लोकांची तक्रार अशी की आम्ही हाक मारतो, देव ऐकत नाही. उत्तर येतं: त्याचा हात तोकडा झालेला नाही, त्याचा कान बधिर झालेला नाही, तुमच्या दुष्कर्मांनी तुमच्यात आणि त्याच्यात आड पडली आहे.

बहुतेक जण इथंच पुस्तक मिटतात, कारण हवी ती ओळ सापडली. तसं करू नका, चौदाव्या ओवीपर्यंत तरी जा. (ख्रिस्ती मराठीत बायबलच्या वाक्याला 'वचन' म्हणतात, पण माझी आजी 'ओवी'च म्हणायची, ती सवय गेली नाही.) कसली दुष्कर्मं आहेत तिथं? हाताला रक्त लागलंय, कोर्टात कोणी खऱ्यानं दावा लावत नाही, जीभ खोटं बोलते, आणि सत्य भर रस्त्यात अडखळून पडलंय. दारू, सिनेमा, साडीचा काठ यातलं काहीही नाही. ज्या मंडळीत पापाची यादी फक्त तरुणांच्या वागण्यापुरती असते, तिथं हा अध्याय मोठ्यानं वाचायला सांगावा.

दुरावा इमारतीतही दिसायचा. यरुशलेमच्या मंदिरात आधी अंगणं, मग पवित्रस्थान, आणि आत पडद्यामागं परमपवित्रस्थान. आपल्याला गाभारा माहीत आहे, त्यामुळं रचना लगेच डोळ्यांपुढं येते. त्या पडद्यापलीकडं फक्त मुख्य याजक जायचा, तोही वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी. त्या दिवसाचे दोन बकरे लेवीय सोळामध्ये आहेत: एकाचा बळी, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून, लोकांची पापं कबूल करून त्याला जिवंत रानात सोडायचं. लेवीयाचं पुस्तक नको म्हणालो होतो, पण हा एक अध्याय वाचा. येशूनं वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला असं मत्तय लिहितो. हे वाक्य नवख्याला उगाच घुसडलेलं वाटतं. पडदा कशासाठी होता हे माहीत असलेल्याच्या अंगावर काटा येतो.

पायरी ५: वाटणी मागणारा मुलगा

लूक अध्याय १५. उधळ्या पुत्राची गोष्ट. मी यावर दोन रविवार घालवतो आणि तेही पुरत नाहीत.

धाकटा बापाकडं वाटणी मागतो. बाप जिवंत असताना. शेतीवाडी असलेल्या माणसानं इथं घटकाभर थांबावं. म्हातारा धडधाकट असताना, उताऱ्यावर माझं नाव चढवा, असं म्हणणाऱ्या पोराबद्दल गावात काय बोललं जातं? 'बाप मरायची वाट बघवेना त्याला.' गोष्टीतलं पाप हेच आहे. पुढची उधळपट्टी, कसबिणी, डुकरांमागं राखणीला जाणं हे सगळं त्याच्या नंतरचं. बापाची मिळकत हवी, बाप नको. देवानं दिलेलं आयुष्य हवं, देव नको. दुरावा असा सुरू होतो, आणि सुरुवातीला तो दुराव्यासारखा दिसतही नाही. खिसा भरलेला असतो.

दुष्काळ पडतो, डुकरांच्या शेंगासुद्धा कोणी त्याला देत नाही, तेव्हा तो शुद्धीवर येतो. परत निघताना वाटेत भाषण पाठ करतो: तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला एक चाकर म्हणून ठेवा. म्हणजे डोक्यात अजून खतावणीच! काम करीन, फेडीन. बाप त्याला लांबूनच बघतो आणि धावत सुटतो. आपल्याकडचा धोतरातला म्हातारा गावादेखत, शेंबडी पोरं बघत असताना, असा धावेल का? गळ्यात पडतो, मुके घेतो. पोराचं चाकरीचं वाक्य तोंडातच राहतं. बाप ते पुरं होऊच देत नाही. खात्री करा, एकविसावं वचन एकोणिसाव्याशी ताडून बघा.

बहुतेक ठिकाणी गोष्ट इथं संपवतात. पण थोरला शेतातून यायचा आहे अजून. वाजपाचा आवाज ऐकतो, गड्याला विचारतो, आणि रागावून घरात पाऊल टाकत नाही. दोन वर्षांपूर्वी खानापूरकडचा एक शेतकरी इथं उसळलाच. म्हणाला, "थोरल्याचं काय चुकलं ओ सर? राबला त्यो, कोकरू एक मिळालं न्हाई."

त्याच्याशी मी भांडलो नाही. थोरल्याचीच वाक्यं पुन्हा वाचायला सांगितली. 'मी इतकी वर्षं तुमची चाकरी करतोय.' 'हा तुमचा मुलगा.' बापाला बाप म्हणत नाही, भावाला भाऊ म्हणत नाही. घरातल्या घरात राहून तोही चाकरच झालेला. एक परदेशात दुरावला, दुसरा अंगणात. आणि बाप दोघांसाठी घराबाहेर आला.

शेतकरी बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हंजे देवळात रोज येणारा बी लांब असू शकतोय." मी 'होय' म्हणालो, आणि तेव्हा खोलीत बसलेले आम्ही जुने ख्रिस्ती जरा खाली बघायला लागलो.

पायरी ६: पुण्य वाढवून का भागत नाही

हा प्रश्न हमखास येतो. दानधर्म केला, उपास केले, कोणाचं वाईट केलं नाही, तर दुरावा कमी व्हायला नको का?

लूक अठरामधला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, आणि जकातदार वाचा. परूशी आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दहावा भाग देतो, आणि ते खोटं नाही. जकातदार रोमच्या बाजूनं लोकांना लुबाडणारा, तो लांब उभा राहून छाती बडवत एवढंच म्हणतो: देवा, मज पाप्यावर दया कर. घरी नीतिमान ठरून गेला तो दुसरा. येशूनं उपासाला नाव ठेवलं नाही. त्यानं दाखवलं ते परूशाचं शेजारच्या माणसाकडं बघणं.

मग येशूचा प्रेषित पौल याचं रोमकरांस पत्र. तिसऱ्या अध्यायात तो म्हणतो, सगळ्यांनी पाप केलं आहे आणि देवाच्या गौरवाला उणे पडले आहेत. 'उणे' हा शब्द बघा, पुन्हा न पोचलेला दगड. सहाव्या अध्यायाच्या शेवटी: पापाचं वेतन मरण, पण देवाचं कृपादान सार्वकालिक जीवन. वेतन आणि कृपादान, हे दोन शब्द समोरासमोर मुद्दाम ठेवलेत. वेतन म्हणजे हजेरी लावून, घाम गाळून, हक्कानं घेतलेले पैसे. दान मागून मिळत नाही, कमावून तर नाहीच. भावाचा अबोला तुम्ही त्याच्या दारात दर महिन्याला पैसे ठेवून सोडवायला गेलात तर तो पैसे परत पाठवेल, आणि वर चिडेल.

हे जन्मापासूनचं आहे की आपण करतो तेवढंच, यावर ख्रिस्ती परंपरांत मतं वेगळी. ऑगस्टीन (३५४ ते ४३०) या बिशपानं मूळ पापाची शिकवण ठसठशीत मांडली आणि पश्चिमेकडच्या मंडळ्या कमीजास्त त्याच वाटेनं गेल्या. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या आदामाच्या अपराधाचा वारसा म्हणण्यापेक्षा मर्त्यपणाचा आणि आजारपणाचा वारसा म्हणतात. मला स्वतःला खानापूरच्या कुंभारानं हे समजावलं, त्याच्या नकळत. घागर घेताना तो बोटाच्या पेरानं टिचकी मारून दाखवतो. चांगली घागर खणखणते. एक घागर दिसायला तशीच, रंग तोच, चीर कुठं दिसत नाही, पण आवाज बद्द. "भट्टीतच गेलीय," म्हणाला आणि बाजूला ठेवली. तिनं अजून कोणाचं पाणी सांडलं नव्हतं.

पायरी ७: समेट

मराठी शास्त्रात या दुराव्यावरच्या उपायाला एक अस्सल गावचा शब्द आहे: समेट. करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय ५. देवानं ख्रिस्ताच्या द्वारे आपला स्वतःशी समेट केला. वाक्याचा कर्ता देव आहे. तंटा सोडवताना सहसा चूक करणाऱ्यानं पाय धरायला यायचं आणि दुखावलेल्यानं ओट्यावर बसून वाट बघायची. इथं दुखावलेलाच उठून आला, आणि समेटाचा खर्चही त्यानंच सोसला. तो खर्च म्हणजे वधस्तंभ.

खर्च नेमका कसा चुकता झाला, यावर पुस्तकांचे ढीग आहेत. सुरुवातीच्या शतकांत मरणावर आणि सैतानावर विजय ही कल्पना पुढं होती. अकराव्या शतकाच्या शेवटी अन्सेल्म या धर्मपंडितानं देवाच्या मानाची भरपाई अशी मांडणी केली. धर्मसुधारणेच्या काळात आमची शिक्षा त्यानं भोगली यावर भर आला. नवख्यानं यात अडकू नये. एका मंडळीत एक ऐकाल, दुसऱ्या मंडळीत दुसरं.

पायरी ८: चर्चमध्ये हे कुठं दिसेल

कॅथलिक चर्चमध्ये मिस्साच्या, म्हणजे मुख्य उपासनेच्या, सुरुवातीलाच लोक एकत्र पापकबुली म्हणतात आणि छातीवर हात मारतात. तो लूकमधला जकातदार आठवा. तिथं पापांत गंभीर आणि लहान असा भेद करतात. गंभीर पापाला तीन अटी: गोष्ट मोठी असावी, ती पूर्ण जाणून केलेली असावी, आणि मनापासून संमती असावी. अशा पापानंतर फादरांपुढं जाऊन सांगायचं. कोकणी घरांत त्याला 'कुमसार' म्हणतात. आमच्या मेथडिस्ट उपासनेत कबुली सगळ्यांनी मिळून, थेट देवापुढं. कबुलीचा आधार दोन्हीकडं तोच, योहानाच्या पहिल्या पत्राचा पहिला अध्याय.

पहिल्यांदा जाणार असाल तर मागच्या बाकावर बसा, उठबस इतरांचं बघून करा. प्रभुभोजनाच्या वेळी, कॅथलिकांकडं ख्रिस्तप्रसादाच्या वेळी, पुढं जाऊ नका. बाप्तिस्मा न झालेल्यानं घ्यायचं नसतं आणि बसून राहिल्याचं कोणी वाईट मानत नाही. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, गेलात तर कपाळाला राख लावतील. हरकत नसेल तर लावून घ्या.

दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो

आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा एका मंडळीतले दोघं प्रार्थनेला आले आणि जाताना म्हणाले, घरात काहीतरी न कबूल केलेलं पाप असणार. आईनं ऐकलं. ती त्या रात्री झोपली नाही, जुनंपुराणं आठवत बसली.

त्या दोघांना मी पुढं योहान अध्याय ९ दाखवला. जन्मांध माणूस बघून शिष्य विचारतात, पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापानं? येशू म्हणतो, यानंही नाही, आईबापानंही नाही. लूक तेरामध्ये शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, तेव्हाही तो विचारतो, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हाला? पापानं जगात दुःख आलं, असं ख्रिस्ती विश्वास म्हणतो. या माणसाचं हे दुखणं त्याच्या त्या पापाचं, असा हिशोब लावायला तो मनाई करतो. आजाऱ्याच्या खाटेजवळ तोंड उघडण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

दुसरी चूक म्हणजे शिकलेला शब्द दुसऱ्यावर वापरणं. चार आठवडे वाचून झाले की माणूस घरी जाऊन सासूला, नवऱ्याला, गल्लीला 'पापी' म्हणायला लागतो. पौलाचं 'सगळ्यांनी' वाचताना स्वतःला धरून मोजायचं असतं.

शेवटची पायरी: उठून जाणं

मत्तय पाचमध्ये येशू सांगतो, वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. लूकमधल्या जक्कय नावाच्या जकातदारानं तर लुबाडलेल्याच्या चौपट परत करायची तयारी दाखवली. देवाशी समेट झाला म्हणणारा माणूस शेजाऱ्याकडं अबोला धरून बसला असेल तर त्याचं कुठंतरी काहीतरी राहून गेलंय, असं समजतात.

खानापूरचा तो शेतकरी या धड्यानंतर तीन रविवार आला नाही. मला वाटलं, सोडलं बहुतेक. चौथ्या रविवारी आला, नेहमीच्या जागेवर बसला. त्याच्या थोरल्या भावानं बांध कोरून हातभर आत घेतला होता, त्यावरून सात वर्षं बोलणं नव्हतं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

"जाऊन आलो," म्हणाला. "दादा घरात नव्हता, भातावर औषध मारायला गेलता. वहिनी म्हणाली बसा. बसलो."

"मग?"

"मग दादा आला. पावसाचं बोलला. मी पण पावसाचंच बोललो."

"आणि बांध?"

"बांध जागच्या जागीच हाय ओ." त्यानं पुस्तक उघडलं, पान शोधायला लागला. "चहा मात्र वहिनीनं दोनदा केला."